जवसाच्या तेलातलं शहर

चोवीस वर्षांपूर्वी नागपूरहून पुण्याची ट्रॅव्हल्स सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर जवसाच्या तेलाची बाटली होती. आईने ती टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी खिडकीतून आत दिली. "कोरडं खाजो नको बाप्पा. भाकरीवर तेल घेत जाजो." मग "जय भीम" आणि डोळ्यांना पदर. वडील ड्रायव्हरला गाडी हळू चालवायची तंबी देत होते, जणू बस आमच्याच मालकीची. अकोल्यापर्यंत बाटली गळली आणि शेजारच्या काकांच्या पांढऱ्या पँटवर अख्ख्या वऱ्हाडाचा नकाशा उमटला.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, खरं सांगतो: पुणं मी नक्कल करत करत शिकलो. 'काहून' टाकून 'का हो' घेतलं. दुपारी कुणाची बेल वाजवायची नाही, हे एका बंद दारातून ऐकून घेतलं. खराडीच्या ऑफिसात मीटिंग आणि डेडलाइन शिकलो. आईच्या बाटल्या मात्र येतच राहिल्या. माझ्या दोन्ही मुली नाक मुरडायच्या, "ई, कडू आहे!" फोनवर मी रंगवून सांगायचो, "संपलं आई, कालच संपलं!" बाटल्या ओट्याखाली रांगेत उभ्या.

वडील गेल्यापासून आई नागपुरात एकटी आहे. इकडे ये म्हटलं की "पाहू" म्हणायची. गेल्या वर्षी अचानक म्हणाली, "पंधरा दिवस येऊन पाहतो. करमलं तर राहतो." मी हरखलो. तिच्यासाठी खोली रिकामी केली. समोरची भिंत मोकळी होती. तिथे माझ्या हातचं चित्र लावायचं, असं मनाने घेतलं.

त्याच सुमाराला मी सदाशिव पेठेत, रविवारच्या तैलरंगांच्या क्लासला जाऊ लागलो होतो. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. त्यांनी एका परदेशी चौकाचं छापील चित्र हातात दिलं. काचेची दुकानं, काचांत समोरच्या इमारती, शेकडो खिडक्या. फोटोच वाटावा. "यावर पेन्सिलने चौकोन आखा, तेवढेच कॅनव्हासवर आखा, आणि एकेक चौकोन उतरवा."

"बाई, मला आपलं पुणं काढायचंय."

"आधी दुसऱ्याचं शहर नीट उतरवा. आपलं बिघडवायला जन्म पडलाय."

महिनाभर उतरवत होतो. वरचे मजले राहिले आणि रंगात मिसळायचं तेल संपलं. दुकानातल्या बाटलीवर 'लिन्सीड' लिहिलेलं. "म्हणजे काय हो, बाई?" "जवस," बाई म्हणाल्या. मी स्टुलावरून उडालोच! माझ्या ओट्याखाली जवसाचं तळं होतं! घरी येऊन आईची बाटली उघडली, दोन रविवारांत आकाश आणि वरच्या खिडक्या पुऱ्या केल्या. इतक्या वर्षांत ते तेल पहिल्यांदा सत्कारणी लागलं, असं वाटलं.

फक्त ते वाळेना. खालचे मजले खडखडीत, वरचे चिकट. तीन आठवड्यांनी बाईंनी बोट लावून पाहिलं. "अहो, हे चित्र आहे की लोणचं?"

आई आली त्या सकाळी तसंच ओलसर चित्र भिंतीवर टांगलं. ती चष्मा पुसून समोर उभी राहिली. "याच्यात आपलं घर कोणतं?" आणि तिने वरच्या मजल्याच्या एका खिडकीवर अंगठा टेकवला. अंगठा चिकटला. तिने तो नाकाशी नेला.

"हे तं माहं तेल हाय."

सोंगं सगळी सरली.

"मले वाटलंच होतं, पोरी खात नाही. कडू लागते ना, म्हणून दोन वर्षं झाली, अर्धं फल्लीचं तेल टाकत होती मी त्याच्यात."

बाईंना फोन करून विचारलं. "शेंगदाण्याचं?" त्या म्हणाल्या, "मग आता वाट बघू नका. ते वाळत नाही."

आई पंधरा दिवस राहिली. दुसऱ्याच दिवशी तिने जवस भाजून चटणी कुटली आणि वर ओट्याखालचं तेल ओतलं. मुलींनी आधी बोटाने चाखली, मग वाटीच पुढे केली. जाताना बसच्या खिडकीत ती होती आणि खाली मी. "राहा ना आता," म्हटलं. ती हसली. "ते चित्र वाळलं की बोलाव मले."

रोज सकाळी मी त्या खिडकीला हात न लावता जवळून बघतो. अंगठ्याच्या रेषा स्पष्ट आहेत. एवढ्या मोठ्या परक्या शहरात तेवढी एकच खिडकी मी उतरवलेली नाही, आणि तेच माझं घर आहे.

परवा फोन केला. "आई, तेल संपलं." या वेळी खरंच संपलं होतं, ओट्याखालची सगळी रांग रिकामी. "पुढच्या बाटलीत फल्लीचं टाकू नको. नुसतं जवसाचं दे."

"पोरी खातीन?"

"खातात आता."

मग म्हणाली, "मंग पाठवत नाही. मीच घेऊन येतो."