चाचांचं पाण्यातलं बोलणं

पाण्याच्या तळाशी, श्वास कोंडलेला असताना, तुम्हाला कुणी कधी गाढव म्हटलं आहे काय? मला म्हटलं आहे. आणि छातीवर हात ठेवून सांगतो, विहिरीच्या तळाशी आमच्या शेजारच्या कल्हईवाल्या चाचांइतकं बोलणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नाही.

चाचांचा धंदा भांड्यांना कल्हई लावण्याचा. पण आमच्या ईट गावात कुणाची घागर विहिरीत पडली आणि गळ टाकूनही निघाली नाही, की बोलावणं त्यांनाच यायचं. तळाशी भर दुपारीही अंधार आणि गाळ. डोळे असून नसल्यासारखे. म्हणून एकट्यानं बुडी मारायची नाही, हा त्यांचा नियम. जोडीदाराचा हात धरायचा आणि बोलायचं ते हातानंच. एकदा दाबला की ‘सापडलं’. दोनदा दाबला की ‘मी हाय इथंच’. दाबून धरूनच ठेवला की ‘वर चल’. शहाण्या माणसाचं एवढ्यावर भागलं असतं. चाचांचं भागत नसे. जोडीदार मंद निघाला तर ते अंगठ्याचं नख रुतवून ‘गाढवा’ म्हणत, आणि काम मनासारखं झालं तर तळहातावर बोट गोल फिरवून चहाचं आमंत्रण देत. एकदा पायरीवर घासताना पडलेलं एक पातेलं आम्ही शोधत होतो. मधेच त्यांनी मला असे काही चिमटे काढले, की साप निघाला असं समजून मी जीव घेऊन वर आलो. पाठोपाठ चाचा, काखेत पातेलं.

“काय झालं, चाचा?”

“काय न्हाय. पोचा बघ केवढा! गेल्याच महिन्यात म्या कल्हई केली, अन् बाईनं आपटून ठेवलं.”

“मग ते वर येऊन सांगायचं की!”

“तवर राग गेला असता ना, बेटा.”

माझ्या मनगटावरचे काळेनिळे डाग पाहून आई विचारायची, “कुणाशी मारामारी केलीस?” मी म्हणायचो, “गप्पा मारत होतो.”

मी तेव्हा विशीतला. खिशात कायम पत्रकं. जगातलं प्रत्येक दुखणं चार पानी पत्रकानं बरं होतं, यावर माझा पक्का विश्वास. चाचा मला ‘लीडर’ म्हणत. “लीडर, कागदावर लई बोलतोस तू. पान्यात एवढं बोललास तर मरशील.”

त्या उन्हाळ्यात गावची मोठी विहीर सगळ्या आळ्यांना खुली झाली. त्यासाठी आम्ही पोरांनी वर्षभर घसा फोडला होता. आणि आठच दिवसांत तिची लोखंडी कप्पी निखळून पाण्यात गेली. बघा, विटाळ झाला, अशी कुजबुज सुरू झाली. मी पेटलो. रातोरात पत्रक काढलं: उद्या दुपारच्या आत कप्पी जागेवर बसेल. चाचांना मी विचारलंसुद्धा नव्हतं. सकाळी ते कान धरून बसले होते. “आज ऱ्हाऊ दे रं, कान ठणकतोय.” मी म्हणालो, “चाचा, शब्द दिलाय, छापून!” ते उठले.

पहिल्या बुडीत काही लागलं नाही. दुसऱ्या बुडीत कप्पी माझ्या हाताला लागली, पण गाळात रुतलेली. चाचांनी हात दाबून धरला: वर चल. मी झटकला. अर्धवट काम म्हणजे तडजोड, असं मी नुकतंच छापलं होतं. मी ओढत राहिलो, आणि गाळातल्या जुन्या मोटेच्या नाड्याचा फास माझ्या पायाला बसला. मग मी चाचांचा हात शोधून जे काही बोललो! एक दाब, तीन दाब, नख, चिमटे. चार पानं एका दमात. त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नसणार. त्यांनी माझी मूठ घट्ट धरून सगळं बोलणं बंद केलं, आणि सावकाश दोनदा दाबली. मी हाय इथंच. मग माझ्या दंडावरून, मांडीवरून चाचपत ते पायापर्यंत गेले आणि फास सोडवला.

आम्ही वर आलो तेव्हा धडपडीत गाळातून सुटलेली कप्पी माझ्या हातात होती आणि चाचांच्या कानातून रक्त येत होतं. दुपारच्या आत कप्पी बसली. माझा शब्द राहिला. त्यांचा कान गेला, आणि मागोमाग दुसराही. दुखणं जुनंच होतं, असं बार्शीचे डॉक्टर म्हणाले. मला ते पटवून घ्यायला आवडलं असतं.

आता मी उस्मानाबादेत छापखान्यात असतो. मागच्या खेपेला गेलो तो पाटी-पेन्सिल घेऊन. चाचांना नाव तेवढं लिहिता येतं, तेही उर्दूत, हे मी विसरलो होतो. त्यांनी पाटी हसून बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. तासभर आम्ही बोललो. निघताना माझ्या मनगटावर नख रुतलं, आणि तळहातावर बोट गोल फिरलं.

गावातले लोक मात्र त्यांच्या कानाशी ओरडतात, चाचा गोंधळले की हसतात, आणि निघून जातात. म्हणून एक विनंती. कधी ईटला उतरलात तर कल्हईच्या भात्याजवळ बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडं जा. ओरडू नका. त्यांचा उजवा हात हातात घ्या आणि सावकाश दोनदा दाबा. पुढचं सगळं ते बोलतील.