सॉनात तापवलेलं तेल

विल्हो कांगासला नव्या वस्तूंचा भारी तिटकारा. बापाचा ट्रॅक्टर आणि त्याच्या पुढचा लोडर त्याने जन्मभर वापरला. अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाला बर्फ खिडकीपर्यंत चढतो. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट तो दर हिवाळ्यात त्याच लोडरने मोकळी करी. यंदा मात्र सगळा जीव त्या वाटेवर टांगलेला होता. बायकोची, एल्माची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड तिला डायलिसिसला न्यावं लागे. वाट बंद झाली, तर इस्पितळाशेजारच्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली धरून ठेवलेली होती. "हा हिवाळा तू घरीच काढशील," असा शब्द विल्होने तिला दिला होता. तिची बॅग मात्र भरून दारामागे तयार होती.

आणि नेमका लोडरच्या तेलाचा फिल्टर गंजून गळायला लागला.

"हा बनायचा बंद होऊन जमाना झाला," दुकानदार म्हणाला. "ट्रॅक्टर भंगारात घाल, विल्हो."

"आधी तुला घालतो," म्हणत विल्होने फळीवरचे फिल्टर एकेक करून जुन्याशेजारी धरून पाहिले. शेवटी एकाचे आटे जुळले. तो ट्रकच्या इंजिनाचा होता.

शेजारचा रेइनो लाकडाचा ट्रक चालवायचा. त्याने फिल्टर हातात घेऊन पाहिला. "हा दाब सोसेल का रे?"

"आटे बसतात ना? झालं तर मग."

"म्हाताऱ्या, आटे तर माझ्या लग्नाचेही बसले होते. बायको गेली की नाही सोडून?"

तो शनिवार होता, म्हणजे घरोघर सॉना, वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, पेटलेली. थंडीने घट्ट झालेलं तेल सॉनाच्या बाकावर ठेवून पातळ करायचं, ही विल्होच्या बापाची रीत. त्याने तसंच केलं. ऊन तेल ओतलं, इंजिन सुरू केलं, आणि लोडरचा हात सरसर वर गेला. खिडकीतून एल्माने टाळ्या वाजवल्या. विल्हो तेलकट हातांनीच आत आला.

"ती बॅग रिकामी कर आता."

"करते हं," ती हसून म्हणाली.

रविवारी दिवसभर बर्फ पडला. सोमवारी सकाळी अंग फोडणारी थंडी होती आणि ट्रॅक्टरमधलं तेल काकवीसारखं झालं होतं. जन्म त्या थंडीत काढलेल्या माणसाने लोडर तपासला तो ऊन तेलावर! मूर्खपणा म्हणायचा तर हाच. लोडरचा हात अर्ध्यावर अडला. आखडला असेल, अजून थोडा जोर लावू, म्हणून त्याने दांडा पुन्हा ओढला. घट्ट तेलाचा दाब न सोसून फिल्टर फाटला, तेल बर्फावर सांडलं, आणि कोरडा पडलेला पंप किंचाळून बंद झाला. तसला पंप आता कुठे मिळणार?

एल्माची इस्पितळातली वेळ टळून गेली. दुपारी रेइनो कामावरून परतला, त्याने आपल्या गाडीला बर्फाचा फाळ लावून वाट उघडून दिली. थट्टा केली नाही. ती केली असती तर विल्होला बरं वाटलं असतं.

तो आत आला. एल्मा कोट घालून बसली होती.

"बॅग भरायला मदत करू?" त्याने विचारलं.

"भरलेलीच आहे रे," ती म्हणाली. "मी रिकामी केली कुठे होती?"

विल्होने बॅग उचलून गाडीत ठेवली.