भिंतीवरचा झेंडा

आज गेरू भिजवला. ओल्या मडक्यासारखा वास सुटला आणि मी सत्तर-पंचाहत्तरच्या काळातल्या त्या सकाळी जाऊन पोचले.

फौजेतून पेन्शनीत आलेले आमचे हे रोज संध्याकाळी पिऊन रस्त्यात पडायचे. त्या सकाळी मात्र त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीवर गेरूनं नकाशा काढला, फौजेत काढतात तसा. घर, चावडी, दारूच्या गुत्त्यावर फुली, आणि ओढ्याकाठानं वळसा घेऊन उसाच्या रानात जाणारी वाट. रानात झेंडा, म्हणजे तिथं पोचायचं.

थोरले दीर आले. “पूस ते. घराण्याची अब्रू भिंतीवर मांडतोस व्हय रं?”

“रस्त्यात लोळत व्हतो दादा, तवा कुठं झाकली व्हती ती?” हे मागं न वळता म्हणाले.

दिरांसमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती. मी पदर सारखा केला आणि बोलले, “आवं, जायाची वाट काढलीसा, पन तुमी पिता ते परत येताना. झेंडा हितं पायजे.” बोट गेरूत बुडवून मी तो नकाशातल्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर काढला.

दिवेलागणीला हे ओढ्याकडनं आले. पाय लटपटत होते, पण अंगाला वास उसाच्या पाल्याचा होता. पुढंही जेव्हा जेव्हा पाऊल घसरलं, तेव्हा तेव्हा दुसऱ्या सकाळी ती वाट आम्ही पुन्हा गिरवली.

आता हे नाहीत. मुलगा रंगाचा डबा घेऊन उभा आहे. “आई, आता तरी भिंत कोरी करू. पाहुणे काय म्हणतील?”

मी गेरूच्या वाटीत बोट बुडवलं आणि उंबऱ्यावरचा झेंडा पुन्हा ठळक केला.