फोटोतला पाठमोरा माणूस

मी मध्य प्रदेशात, धारला एका खाजगी शाळेत शिकवते. घर देवासला. शनिवारी शाळा सुटली की बसने इंदूर, तिथून दुसरी बस, आणि दिवेलागणीला घरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील शिंपी आहेत. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतात. बारावीनंतर मला स्थळं सांगून येऊ लागली तेव्हा एक बाई आमच्या दुकानात येऊन बाबांना म्हणाल्या होत्या, "पोरीला तीन वर्षं शिकू द्या. लग्न कुठं पळून जातंय?" हे त्या बाईंबद्दल आहे.

बाई सरकारी शाळेत शिकवायच्या. शाळा हिंदी माध्यमाची, आमच्याकडच्या सगळ्या असतात तशीच. घरात मराठी बोलणारी आमची मुलं वाचतात हिंदी. म्हणून बाई रविवारी घरी काही मुलींना मराठी वाचायला शिकवत. मी आज हे लिहू शकते ते त्या रविवारांमुळे. निवृत्त झाल्यावर नाल्यावरच्या उघड्या झाकणांसाठी त्या नगर निगमात अर्ज देत राहिल्या. अर्जांचं काही होईना. पुढे आमच्या वार्डातली पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि बाई निर्दलीय, कुठल्याही पक्षाशिवाय, उभ्या राहिल्या. मला आनंद झाला, पण आश्चर्य वाटलं नाही.

चैत्र चालू होता. शाळेच्या स्टाफरूममध्ये भूगोल शिकवणाऱ्या मॅडमनी मोबाइल पुढे केला. त्या धारच्याच, मराठी घरातल्या. "हे तुमच्या देवासचं नं?" म्हणाल्या.

संदेश मराठीत होता. 'सकल समाजबंधू-भगिनींस सूचना' अशी सुरुवात. खाली लिहिलं होतं की आपला गणपती बसतो ते सभागृह पाडून तिथं दुकानं काढायचा सौदा झाला आहे, आणि आपल्यातल्याच एका उमेदवार बाईंनी बिल्डरच्या माणसाकडून पाकीट घेतलं आहे. सोबत फोटो. बाई हसून हात पुढे करताहेत, एक पाठमोरा माणूस त्यांना खाकी कागदातलं काहीतरी देतो आहे, आणि त्या पाकिटाभोवती लाल गोल.

तो फोटो मी ओळखला. त्यात मीही होते. माझा भाग कापला होता. मी पदवी पास झाले त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन बाईंकडे गेलो होतो. बाबा शिवलेले कपडे खाकी कागदात सुतळीने बांधून देतात. पेढ्यांचा डबाही त्यांनी तसाच बांधला होता, त्याशिवाय त्यांना काही देताच येत नाही. बाईंच्या भाच्याने फोटो काढला आणि बाईंनी तो कौतुकाने फेसबुकवर टाकला होता.

मी लगेच बाबांना फोन लावला.

"पाहिला गं," बाबा म्हणाले. "मीच टाकला पुढे, चार ग्रुपांवर. वाईट वाटतं, पण काय करणार? माणूस असं बदलतं."

"बाबा, तुम्ही कशावरून खरं मानलं?"

"अगं, मराठीत आहे! इतकी साफ मराठी इथं बाहेरचा कोण लिहिणार? आपल्यातल्याच कोणीतरी कळकळीनं लिहिलंय."

"आणि तो फोटोतला माणूस कोण?"

"बिल्डरचा दलाल असेल. उभा बघ कसा राहिलाय, चोरासारखा."

"बाबा, तो माणूस तुम्ही आहात."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. मग आईचा आवाज आला. तिने फोन हातात घेतला होता.

"मी कालपासून म्हणतेय," आई म्हणाली, "हा शर्ट मी कुठंतरी धुतलाय."

मला हसू आलं, पण आईचं पुढचं वाक्य ऐकून ते गेलं. आदल्या दिवशी बाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आमच्या गल्लीतून कोणी गेलं नव्हतं. आईसुद्धा नाही. कैरीची डाळ तशीच उरली म्हणे.

शनिवारी घरी पोचले तर माझा चुलतभाऊ दुकानात बसला होता. समाजाचा ग्रुप तो चालवतो. बाबा त्याला विचारत होते, "तू न वाचता टाकलंस?"

"काका, मला मराठी पढायला टाइम लागतो," तो म्हणाला. "मराठीत आलं म्हणजे समाजाचंच असेल, असं वाटलं. हिंदीत असतं तर पढलं असतं."

म्हणजे ज्यांना मराठी वाचता येत होतं त्यांनी ती मराठी आहे म्हणून विश्वास ठेवला, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांनी ती मराठी आहे म्हणून पुढे पाठवली. ज्याने कोणी लिहिलं, त्याला आमची ही खोड ठाऊक होती. तो कोण, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, ती घेतली गेली. पुढे काय झालं ते समजलं नाही.

बाबांनी त्याच वेळी ग्रुपवर बोलून संदेश टाकला. "फोटोतला माणूस मी आहे. डब्यात पेढे होते. मुलगी पास झाली होती." सोबत मी पूर्ण फोटो टाकला. काहींनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं, काहींनी हात जोडले. एकाने त्याखालीच एकादशीच्या शुभेच्छा टाकल्या. तोवर पहिला फोटो हिंदी मजकुरासह आमच्याच वार्डातल्या, रस्त्यापलीकडच्या हिंदी बोलणाऱ्या गल्ल्यांत गेला होता.

मग बाबा बाईंकडे जायला निघाले. मी सोबत होते. बाईंनी चहा ठेवला. बाबांनी कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

"बाई, पाठ कधी बघितलीच नव्हती स्वतःची," ते म्हणाले. "ओळखू नाही आली."

"ते समजू शकते," बाई म्हणाल्या. "पण मला तर ओळखत होता नं?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. बाबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "उद्यापासून मी तुमच्यासोबत घरोघर येतो."

"दुकान?"

"दुकान संध्याकाळी उघडीन."

रविवारी मीही त्यांच्याबरोबर फिरले. आमच्या गल्ल्यांत बाबांना सगळे ओळखतात. दारात जाऊन ते फोटो दाखवत आणि सरळ वळून पाठ करून उभे राहत. "बघा. हाच मी." बायका तोंडाला पदर लावून हसत. एक म्हातारे काका म्हणाले, "अरे, टकलावरून तर मी तेव्हाच ओळखलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" बाबांनी विचारलं.

"मला वाटलं, तूच दलाली सुरू केलीस!"

बाईही हसल्या. तो संदेश आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. आईने त्या दुपारी बाईंच्या घरी जाऊन एकटीनेच कुंकू लावून घेतलं. चैत्रगौर महिनाभर असते, त्यामुळे उशीर झाला असं कोणी म्हणू शकलं नाही.

रस्त्यापलीकडे मात्र बाबांना कोणी ओळखत नव्हतं. तिथं किराणा दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या एका बाईने फोटो पाहिला, बाबांची पाठ पाहिली आणि म्हणाली, "भिया, पीठ तो सबकी एक जैसी होती है।"

"बहनजी, मैं सच कह रहा हूँ।"

"वो भी सब कहते हैं। और आप तो इनके साथ ही घूम रहे हो।"

मी पूर्ण फोटो पुढे केला. ती म्हणाली, "आजकल फोटो में तो कुछ भी जुड़ जाता है, बेटा।" खोट्या फोटोवर तिने जेवढा विश्वास ठेवला होता, तेवढाच खऱ्यावर अविश्वास दाखवला. मी तिला मूर्ख म्हणू शकत नाही. ती बाईंना ओळखत नव्हती, आणि माझ्या वडिलांनी तर ओळखत असूनही फोटोवर विश्वास ठेवला होता.

बाई हरल्या. आमच्या गल्ल्यांतली मतं त्यांना पडली, पलीकडची पडली नाहीत. फोटो आला नसता तर त्या जिंकल्या असत्या असं मी ठामपणे सांगू शकत नाही. निर्दलीय उमेदवार असेही हरतात. पण त्या फक्त हरल्या असत्या. पाकीट घेतलेल्या म्हणून हरल्या नसत्या.

निकालानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर त्या चपला घालत होत्या. बाबा आधीच दारात उभे होते.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"पलीकडच्या गल्लीत. राहिलेल्या घरांत जायचंय."

"आता? बाई, निवडणूक संपली."

"म्हणून तर. आता मत मागायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "भाजी आणायला रोज त्याच रस्त्यानं जायचंय मला. मान वर करून जायचंय."

माझी धारची बस दुपारची होती, म्हणून मीही गेले. किराण्याच्या ओट्यावर तीच बाई गहू निवडत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "अब क्या है? हो तो गया सब।"

"हो गया," बाई म्हणाल्या. "वोट नहीं चाहिए। बस इतना कहने आई हूँ कि मैंने पैसे नहीं लिए।"

तिने बाईंकडे नीट पाहिलं. सुपातले खडे बाजूला टाकले, उठून आत गेली आणि तीन पेले पाणी घेऊन आली. ऊन फार होतं. आम्ही ओट्यावर बसून पाणी प्यायलो. तिला पटलं की नाही, ते ती बोलली नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही. पेला खाली ठेवून त्या उठल्या आणि पुढच्या घराची कडी वाजवली.