पाठीला पाठ

झेल्याझ्कोला भूगोल मी शिकवला. शाळेत त्याला नद्या कधी आठवल्या नाहीत. पुढे एकतीस वर्षं ट्रक चालवत तो त्याच नद्या ओलांडत राहिला, आणि कुठल्या पुलाअलीकडे थांबलं की चोर येतात हे त्याला तोंडपाठ झालं. बल्गेरियात प्लेवेनजवळच्या आमच्या गावात तो माझ्या समोरच राहतो.

माल राखायचे त्याचे उपाय मी वर्षानुवर्षं ऐकत आले. डिझेलच्या टाकीच्या तोंडात त्याने स्वतः जाळी बसवली होती, जादा चाकाला साखळी घातली होती. झोपताना तो केबिनची दोन्ही दारं आतून एकाच पट्ट्याने एकमेकांना करकचून बांधायचा. तरी मार्चमध्ये ते जादा चाक साखळीसकट गेलं आणि मेमध्ये सहा खोकी गेली. मालक कामबुरोवने सांगून टाकलं की तिसऱ्यांदा काही गेलं तर किल्ली टेबलावर ठेव आणि घरी जा. एकोणसाठ वर्षांच्या, साखरेचा आजार असलेल्या ड्रायव्हरला दुसरं कोण घेणार? झेल्याझ्कोने झोपणंच सोडलं.

जुलैत तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. समोरच्या बानित्साचा, चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीचा, तुकडाही त्याने मोडला नाही.

"बाई, चार दिवस तुमचे डोळे द्या मला."

"चष्म्यासकट?"

तो हसला नाही. हंगेरीला बॅटरीवरची ड्रिल मशिनं न्यायची होती. गाडी चालवताना डुलकी लागते, म्हणाला, आणि गाडी उभी केली की भीतीने डोळा लागत नाही. केबिनमध्ये दुसरं माणूस बसवायला कामबुरोवची सक्त मनाई होती. मी शहात्तर वर्षांची, गुडघे शाबूत, घरी वाट पाहणारं कुणी नाही. गेले.

रविवारी दुपारी रोमानियात, हंगेरीच्या हद्दीअलीकडे, त्याच्या सक्तीच्या विश्रांतीची वेळ झाली. गाडीतलं यंत्र तास मोजतं, त्याच्याशी वाद घालता येत नाही. झेल्याझ्कोने आधी ट्रकतळाला दोन चकरा मारल्या आणि कांदे भरलेला एक ट्रक शोधला. ड्रायव्हर क्रायोवाचा, इलारिए नावाचा, थोडी बल्गेरियन बोलणारा. दोघांनी गाड्या पाठीला पाठ लावून इतक्या चिकटवल्या की मध्ये हात जाणार नाही. मागची दारं उघडणार कशी? मग झेल्याझ्कोने इलारिएशी हात मिळवला, मला समोर बसवलं आणि मागच्या बिछान्यावर पडल्या पडल्या घोरायला लागला.

दोन तासांनी इलारिए आमच्या दाराशी आला आणि त्याने दार ठोकायला मूठ उचलली. मी काच खाली करून ओठांवर बोट ठेवलं.

"आजी, मी निघालोय. त्याला उठवायला हवं. तीनदा ठोकायचं आणि त्याचं तोंड बघूनच गाडी हलवायची, असं आमच्यात असतं."

"चार रात्रींनंतर झोपलाय तो. मी जागी आहे ना. परीक्षेच्या वर्गावर पस्तीस वर्षं नजर ठेवली आहे मी. जा तू."

तो घुटमळला. म्हाताऱ्या मास्तरणीशी वाद कोण घालणार? गेला.

मी दोन्ही आरशांवर नजर लावून बसले. आरशात गाडीच्या बाजू दिसतात, पाठ दिसत नाही, हे मला, एवढ्या शिकलेल्या बाईला, सुचलं नाही. थोड्या वेळाने एक व्हॅन आली. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस उतरला आणि आमच्या पुढ्यात झाडू मारायला लागला. इतकं नेटकं झाडत होता की मला बरंच वाटलं. मागे काही खडखडलं. कचऱ्याचे डबे असतील, असं मी धरून चालले. व्हॅन निघून गेली.

झेल्याझ्को उठला आणि पट्टा सोडायच्या आधी त्याने आरशात पाहिलं. मागे जमिनीवर दुसऱ्या ट्रकची सावली नव्हती.

"इलारिए कुठे आहे?"

मी सांगितलं. त्याने पट्टा सोडला. उतरून मागे गेला. मी पोचले तेव्हा कुलूप कापून खाली पडलं होतं, एक दार हलत होतं आणि सतरा खोकी गेली होती. तो पायरीवर बसला होता, दोन्ही तळहात गुडघ्यांवर उपडे ठेवून. शाळेत नापास व्हायचा तेव्हाही असाच बसायचा.

"मी कामबुरोवला फोन करते. चूक माझी आहे."

"तुम्ही इथे नव्हताच, बाई. होतात म्हटलं तर तो माझा आणखी एक गुन्हा."

कबुली द्यायचीही सोय नव्हती. पोलिसांनी कागद भरला. कामबुरोव फोनवर ओरडलासुद्धा नाही. सोमवारी दुसरा ड्रायव्हर येईल, त्याच्याकडे किल्ली दे, एवढंच म्हणाला.

तरी झेल्याझ्कोने गाडी सुरू केली आणि तळाच्या कडेच्या भिंतीला तिची पाठ टेकवली. यंत्रात त्याची नोंद होईल, विश्रांती मोडली म्हणून दंड होईल, हे मी बजावलं.

"उरलेला माल उद्यापर्यंत माझ्याच ताब्यात आहे," तो म्हणाला, आणि खाली उतरून भिंत आणि दार यांच्यातली फट बोटाने तपासून आला.

सोमवारी त्याने किल्ली दिली. किटली, सपाता, पाना आणि तो पट्टा एका पिशवीत भरले आणि आम्ही बस पकडली. बसल्या जागी तो झोपला. डॅन्यूबचा पूल आला तरी जागा झाला नाही. मी त्याच्या मांडीवरच्या पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून घेतला आणि गावापर्यंत डोळा मिटला नाही.