आमचं सॉफ्टवेअर मुकं व्हायच्या आत

सॉफ्टवेअरला मदत देणाऱ्या फाउंडेशनकडे अर्ज केला की पैसे कधी येतील सांगता येत नाही, किस्से मात्र लगेच यायला लागतात! आमच्याकडे पोतंभर साठलेत. सांगताना हसते मी, पण सध्या घास उतरत नाही, हेही खरं.

आमचं सॉफ्टवेअर अंध माणसाला स्क्रीनवरचं मराठी वाचून दाखवतं. फुकट. कोड उघडा, कुणीही बघावा, बदलावा. करणारे आम्ही दोघं: अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा संदीप आणि मी. मी कॉम्प्युटर पन्नाशीनंतर शिकले, स्वतःच. कुठल्या क्लासची पायरी चढले नाही!

आणि आमची रेश्मा, देवळ्याची. तिला दिसत नाही. सिन्नरला एका कंपनीत मेल सांभाळते, आमच्याच सॉफ्टवेअरवर. दिवाळीनंतर कंपनी कॉम्प्युटर बदलणार, आणि नव्यावर आमचं सॉफ्टवेअर मुकं! संदीपने बिनपगारी रजा काढून ते नव्याने लिहिलं, तरच तिची नोकरी राहणार. त्याचा तेवढा बुडालेला पगार भरून निघावा म्हणून हा अर्ज.

* * *

फाउंडेशनचा पहिलाच मेल: "तुमच्या प्रोजेक्टवर हालचाल दिसत नाही. एकही तक्रार उघडी नाही."

असेल कशी? रेश्मा फोन करते, "आजी, 'ज्ञ' खाल्ला बघा," की मी लगेच बसून दुरुस्त करते. यांच्या लेखी ज्याच्या तक्रारी जास्त, तो प्रोजेक्ट जिवंत!

संदीप म्हणाला, "आजी, थोडे बग राहू द्या ना तसेच."

"पाहुणे येणार म्हणून कुणी घरात केर पसरून ठेवतं का रे?"

* * *

पुढचा प्रश्न: "उद्या तुम्हाला बसने उडवलं, तर प्रोजेक्ट कोण चालवेल?" या धंद्यात हे सगळ्यांनाच विचारतात म्हणे.

मी लिहिलं, "माझं वय चौऱ्याहत्तर. बसची काय गरज?"

संदीप म्हणाला, हे पाठवू नका. पाठवलं!

* * *

मग लोगो नाही म्हणून आम्ही यादीत खाली गेलो. रेश्मा म्हणाली, "काढा कसाबी. मला कुठं दिसायचाय!"

* * *

एकदा तिचाच फोन आला. "आजी, साहेब इचारत होते, दिवाळीनंतर तुझं कसं? मी म्हटलं, हुईल. हुईल ना हो?"

उत्तर द्यायला मी आयुष्यात कुणाला घाबरले नाही. त्या दिवशी म्हणाले, "जेवलीस का?"

* * *

शेवटची फेरी व्हिडिओ कॉलवर. डेमो द्यायला रेश्मा माझ्या हॉलमध्ये बसलेली. संदीपने स्पीकर मोठा केला.

रेश्मा काही उघडणार, तेवढ्यात समितीतल्या एका मराठी साहेबांनी दुसऱ्या मराठी बाईंना चॅटवर खासगी ओळ लिहिली. चुकून गेली सगळ्यांना. आमच्या सॉफ्टवेअरचं कामच ते. स्क्रीनवर आलेलं त्याने खणखणीत आवाजात वाचलं:

"आजी किती दिवस पुरणार? पैसे दुसऱ्यांना देऊ."

साहेबांचा हात तोंडावर.

रेश्माने ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "साहेब, डेमो झाला. आणखी काही लिहिता का?"