दहा कोटी एक

दादा आणि मी भांडलो ते आई कोणाकडे राहणार यावरून. दोघांनाही ती आपल्याकडेच हवी होती. शेवटी वैतागून ती आमच्या बहिणीकडे निघून गेली, आणि आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झालो. तो कामठीला, मी धरमपेठेत. अंतर फार नाही, पण ताठा दोघांचाही मोठा.

परवा वहिनीचा फोन आला. दादाला रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती केलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी बायपास. मला धडकीच भरली. हा माणूस माझ्याशी न बोलताच आत गेला तर? पण फोन लावायचा म्हटलं की बोट अडायचं. 'कसा आहेस' हे दोन शब्द टाईप केले आणि पुसून टाकले.

लहानपणी आमच्याकडे एक खेळ होता. एकाने मोठी संख्या द्यायची, दुसऱ्याने तिचे अवयव पाडायचे, तेही कागदावर, हाताने. शंभराच्या आतली कुठलीच मूळ संख्या तिला भागेना, तर ती 'घरची मूळ' ठरायची. पुढचं जगाने बघावं.

मी कागद घेतला. दहा कोटी एक. एक, सात शून्यं आणि एक. दिसायलाच कशी ठणठणीत! तीन लावला, सात, अकरा, तेरा, एकोणीस, तेवीस... सत्त्याण्णवपर्यंत गेलो. एकानेही भाग गेला नाही. दादाला मेसेज टाकला : '१००००००० १ नाही, १०००००००१. घरची मूळ. पटत असेल तर सांग.' घाईत एकदा टायपिंगही चुकलं होतं.

थोड्याच वेळात फोन वाजला.

"अबे, मूळ कायची? सतरानं जाते ना! सतराले काहून सोडलं गा?"

खरंच सोडला होता. सतराचा पाढा मला कधीच धड आला नाही, म्हणून हात आपोआप तेरावरून एकोणीसवर गेला असणार. दादाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"नर्स बीपी मोजून राहिली, अन् मी इथं भागाकार करून राहिलो," तो म्हणाला. "तुह्या पायी ते वाढलं पहाय."

मी हसलो आणि रडलोही. लपवण्यासारखं काय होतं त्यात?

"आता माही घे," दादा म्हणाला. "एक कोटी अकरा. मूळ हाये का सांग. पण आज नाही, मी घरी आल्यावर सांगजो."

एक कोटी अकरा. आकड्यांची बेरीज तीन, म्हणजे तीनने सरळ भाग जातो. चौथीतलं पोरगंही सांगेल. दादाला हे कळत नसेल?

"कठीण दिसते दादा," मी म्हणालो. "मले वेळ लागन."

"लागू दे," तो म्हणाला. "मी येतोच."